वेहबीच्या मागे ओतलेलं पाणी

फोन वाजला की मी नाव-गाव विचारत नाही. आधी विचारतो, दामलियोर, सिझियोर की आकियोर? ठिबकतंय, झिरपतंय की वाहतंय? चव्वेचाळीस वर्षं मी या गावात नळाची कामं करतोय, आणि माझा अनुभव असा की या तीन शब्दांतला नेमका शब्द माणसाने सांगितला तर अर्धं काम फोनवरच उरकतं. ठिबकत असेल तर खिशात दोन वायसर टाकून निघायचं. झिरपत असेल तर छिन्नी-हातोडा घ्यायचा आणि घरातल्या बाईची बोलणी खायची तयारी ठेवायची, कारण भिंत फोडावी लागणार. वाहत असेल तर आधी मुख्य कॉक बंद करायला सांगायचं आणि मग पळायचं. पण लोकांना धीर कुठे असतो? आमची साकिने आजी तर थेंब पडला तरी घर वाहून चाललं म्हणून बोंब ठोकते.

माझी भाची गुलफेम जिल्ह्याच्या गावी, कास्तामोनूच्या शाळेत इंग्रजी शिकवते. उन्हाळ्यात आमच्या किनाऱ्यावर चार-दोन परदेशी माणसं घरं भाड्याने घेतात, त्यांच्यासाठी तिने मला एक पाटी करून दिली. डावीकडे आमचे तीन शब्द, उजवीकडे इंग्रजी : ड्रिप, लीक, फ्लो. वर मला म्हणाली, मामा, खरं सांगू का, ते लोक सगळ्यालाच लीक म्हणतात. नळ लीक, छप्पर लीक, होडी लीक, बातमीसुद्धा लीक. मी म्हटलं, मग त्यांचा प्लंबर घरून निघताना कोणती पिशवी उचलतो? ती पोट धरून हसली. मी मात्र गंमत करत नव्हतो. पाणी कुठून येतं, कसं येतं आणि किती येतं हे एकदा कळलं की त्याला थांबवता येतं, यावर माझा फार विश्वास होता.

गुलफेमचा बाप वेहबी. माझ्या धाकट्या बहिणीचा, नादिदेचा नवरा, पण त्याच्या आधी माझा मित्र. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो आणि एकमेकांची उत्तरं बघून दोघंही नापास व्हायचो. पुढे मी पाना हातात घेतला, त्याने ट्रकचं चाक. सोमवारी सकाळी सातला तो निघायचा, कधी मेर्सिन, कधी पार सरहद्दीपर्यंत, आणि शुक्रवारी उन्हं उतरताना, असरच्या अजानेला घरी परतायचा. एकतीस वर्षं यात फारसा बदल झाला नाही. शनिवारी आम्ही सोंगट्या मांडून बसायचो. तो हरला की फासे तपासायचा. मी लग्न केलं नाही, दुकानावरच्या खोलीत एकटा राहतो. त्यामुळे माझ्या आठवड्यात शनिवार हा एकच दिवस होता, बाकीचे नुसते कामाचे.

आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाच्या मागे पाणी ओततात. जाणारा पाण्यासारखा विनाअडथळा जावा आणि तसाच परत यावा म्हणून. नादिदेचं घर उतारावर आहे, दारापासून खालच्या रस्त्यापर्यंत चौदा दगडी पायऱ्या. दर सोमवारी ट्रक हलला की ती उंबरठ्यावरून तांब्याभर पाणी पायऱ्यांवर सोडायची. एकतीस वर्षांचे सोमवार म्हणजे किती झाले ते तुम्हीच बघा. तिच्या हाताला ते आता विचारावंही लागत नसे.

ऑगस्टच्या शेवटी वेहबी गेला. बोलू शहराच्या पुढे ट्रक थांबवायची जागा आहे, तिथे सीटवर बसलेला सापडला. गाडी नीट लावलेली, हँडब्रेक ओढलेला, बूट काढून ठेवलेले. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं असावं. गुरुवारी शवपेटी घरी आणली. इमामाने दारापुढे उभं राहून तीनदा विचारलं, याच्यावरचा तुमचा हक्क माफ केला का, आणि आम्ही तीनदा म्हटलं, माफ केला. मग पेटी शववाहिकेत चढवली. बायका दारातच थांबल्या. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो आणि गाडी हलली.

तेव्हा मला आरशात दिसलं. कोणा बाईला भोवळ आली होती म्हणून पाण्याचा तांब्या दारातच ठेवलेला होता. नादिदेने तो उचलला आणि पायऱ्यांवर रिता केला. रडता रडताच, खाली न बघता. शेजारच्या साकिने आजीने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. मेलेल्याच्या मागे पाणी ओतत नाहीत, हे आमच्यात कोणी कोणाला शिकवत नाही, ते माहीतच असतं. नादिदेलाही माहीत होतं. पण हाताला नव्हतं.

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मी सवयीने माझा प्रश्न विचारला. ती हळू आवाजात म्हणाली, दादा, दामलियोर.

मी वायसर घेऊन गेलो. बघतो तर नळ सगळे ठणठणीत. तिने मला ओसरीत नेलं. तिथे खुंटीला वेहबीचा तपकिरी कोट होता आणि त्याच्या उजव्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. मी कोट चाचपला. खांदा कोरडा, कोपर कोरडं, फक्त बाहीच्या काठाशी थेंब धरायचा, मोठा व्हायचा आणि खाली ठेवलेल्या पातेल्यात पडायचा. त्या भिंतीत पाइप नाही, या घरातले सगळे मीच घातलेत. अकरा दिवसांत पाऊस नव्हता. तरी मी छपरावर चढलो, कौलं हलवून पाहिली, पोटमाळ्यावर हात फिरवला. सगळं कोरडं. मी बोटावर एक थेंब घेतला. कोमट होता, हातात धरून ठेवलेल्या पेल्यासारखा.

खरं सांगायचं तर मी घाबरलो. पण मी उस्ताद माणूस, बहिणीसमोर काय बोलणार? दमट हवेचं असतं असं, म्हणालो. कोट उन्हात घाल. तिने कोट हलवला नाही. पातेलं भरलं की दुसरं ठेवायची. सोमवारी सकाळी सातला ठिबकणं थांबलं.

नंतरचे तीन आठवडे काही नाही. मी विसरल्यासारखं केलं. मग ऑक्टोबरात पुन्हा शुक्रवारी, पुन्हा त्याच वेळी, फोन. या वेळी ती म्हणाली, सिझियोर. आणि तिच्या आवाजात मला आनंद ऐकू आला, त्याचीच जास्त भीती वाटली.

बैठकीच्या खोलीत खिडकीखाली दिवाण आहे. वेहबी त्याच्या डाव्या टोकाला भिंतीला टेकून बसायचा. त्या भिंतीवर ओल आली होती. ओल मी आयुष्यभर बघतोय, तिला आकार नसतो, ती जिकडे वाट मिळेल तिकडे पसरते. ही पसरली नव्हती. रुंद खांदे, थोडी उजवीकडे कललेली पाठ, आणि वर डोक्याएवढा गोल डाग. रंगावर बारीक पाणी चमकत होतं आणि खाली गादीत उतरत होतं. समोर तिपाईवर चहाचे दोन पेले होते. एक तिचा, अर्धा संपलेला. दुसऱ्यात साखरेचे तीन खडे तळाशी बसले होते. तीन खडे फक्त वेहबी घालायचा.

मी चिडलो. मला भीती वाटली की मी चिडतो, ही माझी खोड आहे. छिन्नी घेतली आणि त्या डागाच्या मधोमध प्लास्टर फोडायला लागलो. नादिदे नको नको म्हणत माझा दंड ओढत होती, त्याला लागेल म्हणत होती. वीतभर खोल गेलो. आत विटा होत्या आणि त्या भट्टीतून काढल्याएवढ्या कोरड्या होत्या. पाणी आतून येत नव्हतं. बाहेरूनही येत नव्हतं. ते फक्त तिथे होतं, आणि त्याला डिझेलचा अगदी पुसट वास होता.

मी हत्यारं खाली ठेवली आणि तिला विचारलं, मागच्या वेळी पातेल्यात साठलेलं पाणी काय केलंस?

"सोमवारी ओतलं," ती म्हणाली. "तो निघाला तेव्हा. त्याच्या मागे."

मला तेव्हा सगळं कळलं. पहिल्या वेळी हात चुकला होता. दुसऱ्या वेळी तिने समजून-उमजून ओतलं होतं. एक तांब्या ओतला तर एका बाहीएवढा आला. पातेली ओतली तर पाठीएवढा आला.

"नादिदे, हे बरं नाही. मेलेल्या माणसाला असं बोलवत नाहीत. तू काय लहान आहेस का?"

"बोलवत नाहीये मी. तो जाताना ओततेय. आयुष्यभर ओतत आले. एकदाच ओतलं नाही, आणि त्याच खेपेला तो आला नाही."

"कधी ओतलं नाहीस?"

आवाज न चढवता ती म्हणाली, "त्या शेवटच्या सोमवारी. तू पाणी बंद केलं होतंस ना, दादा."

मला आठवलं. वरच्या आळीत पाइप फुटला होता. मी सकाळी सहाला अख्ख्या उताराचा कॉक बंद केला आणि नऊला उघडला. ती सांगत राहिली. सात वाजता ती रिकामा तांब्या घेऊन दारात आली होती. नळाला पाणी नाही, माठ आदल्या रात्री घासून पालथा घातलेला. साकिने आजीकडून मागून आणते म्हणाली, तर वेहबीने ट्रकच्या खिडकीतून हात हलवला. राहू दे गं, एका खेपेने काय होतंय. तिने तांब्याचं बूड थोपटून पाहिलं होतं. त्यातून काही पडलं नाही.

मी तिला सांगितलं असतं की तो हृदयाने गेला, पाण्याने नाही. ते खरंही होतं. पण मी पिशवी उचलली, फोडलेलं प्लास्टर तसंच टाकलं आणि घरी आलो. त्या शनिवारी मी सोंगट्यांची पेटी कपाटावरून काढली, पुसली आणि परत ठेवून दिली.

सोमवारी ती गादी पिळून पिळून पाणी काढत होती, असं साकिने आजीने मला नंतर सांगितलं. दोन बादल्या निघाल्या. दोन्ही पायऱ्यांवर गेल्या.

त्यानंतर घराखालची, उतार अडवणारी भिंत फुगली. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसायचं, मधले दगड पोटासारखे पुढे आलेले. नगरपालिकेचा इंजिनियर येऊन गेला. म्हणाला, या भिंतीमागच्या मातीत पाणी पुरतं मुरलं आहे, ती अजून दोनदा तर सोडाच, एकदा जरी नीट भिजली की घर खाली रस्त्यावर येईल, बाईंना लगेच हलवा. गुलफेम रोज फोन करायची, आईची खोली तयार आहे, मामा तिला बसमध्ये बसवून दे. मी दोनदा बॅग भरायला लावली. दोन्ही वेळा नादिदेने ती रिकामी केली. तिचं एकच म्हणणं होतं. तो शुक्रवारी येणार आणि दाराला कुलूप बघणार, हे मी होऊ देणार नाही. भांडलो, विनवलं, साकिने आजीलाही मध्ये घातलं. भिंतीशी बोलल्याचा उपयोग झाला असता.

मधले शुक्रवार कोरडे गेले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी मी फोनची वाट पाहिली नाही. दुपारीच जाऊन वरच्या पायरीवर बसलो. जे येतंय ते कुठून येतंय हे मला या डोळ्यांनी बघायचं होतं. हवा थंड होती, रस्ता कोरडा. समोरच्या बेकरीतून मक्याच्या पावाचा वास येत होता. असरची अजान सुरू झाली आणि बेकरीच्या कोपऱ्यावरून पाणी वळलं.

हातभर रुंद धार होती. गटारातून नाही, रस्त्याच्या मधोमध, जिथून ट्रक यायचा तिथून. आमचा रस्ता समुद्राकडे उतरतो, आणि ते चढाच्या दिशेने येत होतं, सावकाश, आवाज न करता. खालच्या पायरीशी येऊन टेकलं. मला वाटलं आता पसरेल. ते चढलं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. प्रत्येक पायरीवर थोडं साठायचं आणि मग वरच्या पायरीच्या काठावरून आत यायचं. चव्वेचाळीस वर्षांत मी पाण्याला एवढीच एक गोष्ट करताना पाहिलं आहे, ते खाली जातं. सातव्या पायरीवर ते थांबलं.

मला हसू आलं की रडू ते सांगता येणार नाही. वेहबीचा डावा गुडघा गेली दहा वर्षं कामातून गेला होता. तो सातव्या पायरीवर थांबायचा, कठड्याला हात लावायचा आणि आम्हाला कळू नये म्हणून सिगारेट पेटवल्याचं नाटक करायचा. पाणी तिथे तेवढाच वेळ थांबलं. मग पुढे निघालं. मी पाय बाजूला घेतले. ते माझ्या बुटाला न लागता उंबरठ्यावरून आत गेलं.

मागून नादिदेचा आवाज आला. मला नाही, त्याला म्हणत होती, "आलास? हात धुऊन घे, सूप गरम आहे."

संध्याकाळपर्यंत घरात घोट्याएवढं पाणी झालं. दार सताड उघडं होतं, तरी एक थेंब बाहेर जाईना. स्वच्छ, कोमट, तळाच्या फळ्या दिसायच्या. ती झगा वर कमरेला खोचून त्यात फिरत होती, ताटं मांडत होती. तिचे पाय पांढरे पडून सुरकुतले होते आणि खोकला छातीतून येत होता. मी कॉक बंद करायचा विचार केला नाही असं नाही. पण पुन्हा एकदा तोच कॉक फिरवायला माझा हात धजेना, आणि घरभर पाणी असताना कॉक बंद करून काय होणार होतं? सोमवारी तिने यातल्या चार बादल्या ओतल्या की पुढच्या खेपेला तो किती येईल, हे कोणालाही कळण्यासारखं होतं. तेवढं पाणी त्या भिंतीने पेललं नसतं. माझी बहीण त्या घरासकट खाली गेली असती.

मी तीन रात्री तिथेच दिवाणावर पाय वर घेऊन काढल्या. शनिवारी दुपारी ती जरा लवंडली तेव्हा मी पाय खाली सोडले. पाणी घोट्यांभोवती उबदार लागलं. त्यात भीती वाटण्यासारखं काहीच नव्हतं, हेच फार भयंकर होतं. मी हळूच म्हटलं, वेहबी, मी कॉक बंद केला रे, मला माहीत नव्हतं. पाणी हललं नाही. मला त्याची आठवण इतकी आली की मी पाय पटकन वर घेतले.

रविवारी संध्याकाळी मी तिला शेजारी बसवलं. घर पडेल, तू मरशील, गुलफेम पोरकी होईल, हे सगळं बोलून झालं होतं आणि ते तिने ऐकून सोडून दिलं होतं. म्हणून मी दुसरंच सांगितलं.

"तो सातव्या पायरीवर थांबतो."

"कोण?"

"हाच. परवा मी बसून पाहिलं. सातव्या पायरीवर थांबला. गुडघा अजून दुखतो त्याचा."

तिने कधी पाहिलं नव्हतं, ती आत सूप गरम करत असायची.

मी म्हटलं, "एकतीस वर्षं ट्रक हाणला बिचाऱ्याने. आता कुठे बूट काढून बसला होता. आणि तू त्याला दर खेपेला चौदा पायऱ्या चढायला लावतेस, नादिदे. तू ओततेस म्हणून त्याला यावं लागतं. त्याला नाही म्हणता येत नाही, तुला तर त्याने कधीच नाही म्हटलं नाही."

ती पाण्याकडे वळली. मग विचारलं, "फार वेळ थांबतो का रे?"

"सिगारेट पेटवण्याएवढा."

तिने तोंड दोन्ही हातांत घेतलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माफ कर मला, त्या दिवशीच्या कॉकबद्दल, असं मी म्हणालो. शेवटी म्हणालो. ती म्हणाली, तुझा काय दोष, पाइप फुटला होता. मग आम्ही दोघं तशीच बसून राहिलो, पाय वर घेऊन, लहानपणी आई लादी धुवायची तेव्हा बसायचो तशी.

सोमवारी सात वाजता पाणी निघालं. मागच्या खोलीतून ओसरत ओसरत बैठकीत आलं, तिथून ओसरीत, आणि उंबरठा ओलांडून पायऱ्या उतरू लागलं. मागे फळ्या कोरड्या होत गेल्या. नादिदे दारात आली तर तिच्या हातात भरलेला तांब्या होता. मी तो हिसकावला नाही. ओतायचा की नाही हे तिचं तिने ठरवायचं होतं, मी ठरवलेल्याचा परिणाम आम्ही पाहिला होता.

पाणी सातव्या पायरीवर थांबलं, निघालं. तिचा हात वर आला, थोडं पाणी तांब्याच्या आतल्या आत हिंदकळलं. मग तिने वळून तांब्या आत जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात काखेत दाबून घट्ट धरले.

खालच्या पायरीवर पाणी थांबलं. तिथे ते याआधी कधी थांबलं नसावं. वाट बघत होतं. एक मिनिट झालं, दोन झाली. नादिदेचे ओठ पांढरे पडले, पण हात निघाले नाहीत. डोळे कोरडे होते. अडीच महिन्यांत तिचं सगळं रडून झालं होतं. मी उंबरठ्यावर वाकून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, जा बाबा, जा, मागे बघू नकोस. शेवटी ते रस्त्यावर उतरलं, बेकरीच्या कोपऱ्याशी गेलं आणि वळलं.

मी सुटलो असं मला वाटलं. तिच्याकडे वळलो तर ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या पायाशी, पायरीच्या दगडाकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "हे काय केलंस?"

दगडावर ओले ठिपके होते. चार असतील, फार तर पाच. मी हनुवटीला हात लावला. ती भिजलेली होती. मी कधी रडायला लागलो ते मला कळलंच नव्हतं. दफनाच्या वेळी नाही, त्यानंतर एकदाही नाही, आणि नेमकं आत्ता, उंबरठ्यावर वाकून, त्याच्या पाठीमागे. मी बाहीने दगड पुसला. तिने मला पुसू दिला. पुसून काही होणार नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

बुधवारी गुलफेम आली आणि आईला घेऊन गेली. नादिदे बसमध्ये बसताना मला म्हणाली, जेवत जा वेळेवर. बस सुटली तेव्हा शेजारच्या एका बाईने आपल्या मुलाच्या मागे बाटलीभर पाणी ओतलं. मी हात खिशात ठेवले. घराला कुलूप लावलं आहे आणि भिंत अजून उभी आहे.

आज शुक्रवार. दुकान लवकर बंद करून मी वरच्या खोलीत आलो, मसुराचं सूप गरम केलं आणि टेबलाशी बसलो. असरची अजान झाली. चमचा उचलला तेव्हा हाताच्या मागच्या बाजूला काहीतरी पडलं. कोमट होतं. मी वर पाहिलं, छत कोरडं. दुसरा थेंब टेबलावर पडला, समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूला.

पिशवी दाराशीच आहे. मी उठलो नाही. टेबल जरा माझ्याकडे ओढून घेतलं, म्हणजे पलीकडे बसायला जागा नीट होईल. सोमवारी सकाळी सातला काय करायचं ते मला माहीत आहे, माझ्या धाकट्या बहिणीने ते माझ्यासमोर करून दाखवलं आहे. पण सोमवारला अजून अवकाश आहे, आणि उद्या शनिवार.